उजवी तीन, आवळते

स्टिअरिंग तिनं आवळलंय आईच्या शिलाई मशीनच्या फळीला.
पेडलं मागे सरकतात म्हणून भिंतीशी गव्हाची गोणी,
आणि ब्रेक मारला की खुर्ची पळते,
तर खुर्चीची चाकं बाबाच्या जुन्या बुटांत.
इंदूर, राजेंद्र नगर, दुसरा मजला, रात्रीचे साडेअकरा.
पडद्यावर फिनलंड.

मैत्रेयी म्हणते, आत्या, माती बघ ना,
टायर कुठे धरतो, कुठे सोडतो, हातात कळतं.
मी बघते.
बघायचीच सवय नाही मला.
सात वर्षं दिगू ताऱ्याच्या डावीकडे बसले,
मान खाली, मांडीवर वही, हेल्मेटात घाम,
सिमरोलचा घाट वीसदा उतरले
आणि एकदाही पाहिला नाही.
घाट ठाऊक होता तो माझ्या पाठीच्या कण्याला:
इथे पोट हलकं होतं,
इथे खांदा दाराला लागतो,
इथे सागाच्या पाचोळ्याचा वास, म्हणजे चार वळणं उरली.

नॅव्हिगेटरनं एक वळण पुढचं बोलायचं असतं.
गाडीखालचं सांगून उपयोग नाही,
फार पुढचं सांगितलं तर चालवणारा विसरतो.
डावी चार, लांब. पन्नास. उंचवटा.
उजवी तीन, आवळते, आत कापू नको, दगड.
आळवू नकोस, दिगू म्हणायचा,
वाण्याची यादी वाचतात तसं वाच.

खेळातला माणूस इंग्रजीत वाचतो, न दमता.
त्याची पानं घामानं चिकटत नाहीत.

माझी चिकटली.
त्र्याण्णवचा फेब्रुवारी. एक बोट, दोन पानं.
मी म्हणाले उजवी,
आणि समोर रस्ता सरळ होता.
त्याला दिसत होता. ऊन स्वच्छ होतं.
तरी त्यानं वळवलं.

खेळात एक बटण असतं:
गाडी उचलून परत रस्त्यावर, दंड दहा सेकंद.
आमची जिप्सी चार तास एका सागाला टेकून,
दिगूची हासळी मोडलेली,
आणि शेळ्यांमागची एक बाई लोट्यातून पाणी देत म्हणाली,
रस्तो तो वां थो, बेन.

मंडळाच्या बैठकीत, दवाखान्यात, माझ्या आईसमोर
दिगू एकच म्हणाला: ब्रेक गेले.
रऊफभाईंनी ब्रेक उघडून पाहिले,
मग माझ्याकडे पाहिलं,
आणि बराच वेळ हात पुसत राहिले.

आता तो घाटच सरळ करताहेत म्हणे.
दिगू नवलख्याला बॅटऱ्या विकतो,
भेटला की इन्व्हर्टरमध्ये पाणी घातलं का विचारतो.
मी होय म्हणते.

आज मैत्रेयीनं त्या माणसाचा आवाज बंद केला.
आत्या, तू सांग.
शनिवारी अख्खा टप्पा तिनं बैलगाडीच्या चालीनं दाखवला होता,
मी लिहून घेतला, मराठीत,
पानावर सहाच ओळी,
आणि प्रत्येक पानाचा कोपरा कात्रीनं तिरका कापला
जुन्या अक्कलखाती.

तीन, दोन, एक.
मान आपोआप खाली गेली.
पण पोट हलकं होत नव्हतं, खांद्याला दार नव्हतं,
आम्ही कुठे आहोत ते कळायला
इंजिनचा सूर आणि तिचा श्वास, बस.
डावी पाच. ऐंशी. उंचवटा, उडते, मध्ये राहा.
तिचे हात माझ्या शब्दानंतर हलत होते,
पडद्यानंतर नाही.
हे मला मान वर न करता कळलं
आणि घसा सुकला.

नवव्या पानावर गाडी झाडांत.

पंखा फिरत होता. खालच्या कोणाचा तरी पाण्याचा पंप.
तू बरोबर सांगितलंस, ती म्हणाली,
पडद्याकडेच बघत,
मीच ब्रेक उशिरा लावला.

बोट अजून ओलं होतं.
मी पानं मोजायला घेतली.
मग नाही मोजली.